फीसाठी जुगाराचा अड्डा

२०१७ साली आलेला ‘द हाउस’ हा अमेरिकी विनोदपट समीक्षकांनी झोडपला, तिकीटबारीवरही तो आपटला. तरी त्याची मूळ कल्पना वाटते तेवढी अचाट नाही. मुलीला बकनेल विद्यापीठात प्रवेश मिळतो, गावाची शिष्यवृत्ती ऐनवेळी रद्द होते आणि तो पैसा तरणतलावाकडे वळतो. मग विल फेरेल आणि एमी पोहलर यांनी रंगवलेले पापभीरू आईवडील शेजाऱ्याच्या घरात बेकायदा कॅसिनो थाटतात. बकनेलचे नुसते शिक्षणशुल्क तेव्हाच वर्षाला ५० हजार डॉलरच्या पुढे होते. राहणे-जेवणे वेगळे, आणि पदवी चार वर्षांची. गरिबाला सरकारी अनुदान मिळते, श्रीमंताला चिंता नसते. मधल्या कुटुंबाच्या वाट्याला बहुधा कर्ज येते. अमेरिकेतील शैक्षणिक कर्जाचा डोंगर आज दीड लाख कोटी डॉलरहून मोठा आहे.

यावर कोणी म्हणेल, छापील फी सगळेच कुठे भरतात? सवलती असतात, राज्यांची स्वस्त विद्यापीठेही असतात. खरे आहे. पण नेमकी सवलत बहुधा प्रवेश मिळतानाच कळते, तोवर घराने मनाने विद्यापीठ निवडलेले असते. नाही म्हणणे पालकांना तिथेच जड जाते. दिग्दर्शक अँड्र्यू जे. कोहेन यांना ही कोंडी सापडली होती. उत्तरार्धात मात्र त्यांनी ती तुटलेल्या बोटांच्या आणि रक्ताच्या चिळकांड्यांच्या विनोदात वाया घालवली.