दुपारी कॉम्प्युटर स्लो होतोय? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी प्रोसेसरचे तापमान तपासा

यवतमाळ : सकाळी दहाला झरझर चालणारा कॉम्प्युटर दुपारी दोनला अडखळू लागतो. कॅबिनेटमधला पंखा जोरात फिरतो, फॉर्म भरता भरता स्क्रीन हँग होते, कधी मशीन आपोआप बंदच पडते. दाखले आणि प्रवेश अर्जांची घाई मे-जूनमध्ये असते आणि यवतमाळचा पारा ४४ अंशांच्या घरात जातो तोही मे महिन्यातच. सेवा केंद्र असो की घर, पहिला सल्ला ठरलेला : ‘फॉरमॅट मारून घ्या.’ पण रात्री तोच कॉम्प्युटर नीट चालत असेल, तर दोष विंडोजचा नसून उष्णतेचा असण्याची शक्यता जास्त.

नेमके काय होते?

प्रोसेसरवर बसवलेला हीटसिंक आणि पंखा गारवा तयार करत नाहीत. ते चिपची उष्णता फक्त खोलीतल्या हवेत सोडतात. त्यामुळे या पद्धतीने प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा, एखादे काम करताना तो खोलीच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो. हिवाळ्यात २२ अंशांच्या खोलीत तो ६७ वर राहील. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ४२ अंश असतील, तर तेच काम करताना ८७ वर जाईल.

प्रत्येक प्रोसेसरला कमाल मर्यादा असते. इंटेल कोअर आय५-१२४०० साठी ती १०० अंश, तर एएमडी रायझेन ५ ५६००एक्स साठी ९५ अंश आहे. मर्यादा गाठली की जळण्यापासून वाचण्यासाठी प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. फॉरमॅट करून हे थांबत नाही.

आधी मोजा

‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यूमॉनिटर’ ही मोफत सॉफ्टवेअर तापमान दाखवतात. भर दुपारी, नेहमीचे काम सुरू असताना आकडा पाहा. ८० पर्यंत काळजी नको. साध्या कामातही तो सतत ९० च्या वर असेल, तर कॅबिनेट उघडण्याची वेळ आली आहे.

काय करावे?

१) साफसफाई : यवतमाळ कापसाचा जिल्हा. जिनिंगच्या आसपास हवेत बारीक तंतू असतात, वणी पट्ट्यात कोळशाची धूळ. ती हीटसिंकच्या पात्यांमध्ये गच्च बसली की हवा जायला वाटच उरत नाही. वीजजोडणी काढून ब्लोअर आणि मऊ ब्रशने धूळ काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने गरगर फिरू देऊ नका.

२) थर्मल पेस्ट : चिप आणि हीटसिंकमधली ही पेस्ट काही वर्षांत वाळते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. हीटसिंकच्या चारही पिना घट्ट बसल्याची खात्री करा. एक पिन सैल राहिली तरी तापमान चढते. सवय नसेल, तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या.

३) मोकळी जागा : कॅबिनेट बंद टेबलाच्या कप्प्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. हवा समोरून आत आणि मागून बाहेर जायला हवी.

४) कुलर : खोली पाच अंशांनी गार झाली, तर प्रोसेसरही साधारण तितकाच उतरतो. मात्र कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको, पाण्याचे तुषार आत जातात.

५) सेटिंग : विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के केल्यास बहुतेक कॉम्प्युटरमध्ये टर्बो वेग बंद होतो. वेग थोडा घटतो, पण तापमानही उतरते. अर्ज भरण्यासारख्या कामात हा फरक फारसा जाणवत नाही.

हे सगळे झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेच काम करताना पुन्हा आकडा पाहा. तो उतरला आणि कॉम्प्युटर अडखळला नाही, तर फॉरमॅटचा खर्च वाचला आणि डेटाही जागेवर राहिला.