ठोक्यांनीं घडणारें तांबें

परळ-लालबागच्या वडापिंपळांवर उन्हाळ्याच्या दुपारीं एक लहानसा हिरवा पक्षी एकाच तालांत टुक्‌ टुक्‌ करीत बसलेला असतो. लोक त्याला तांबट म्हणतात; कारण त्याचा आवाज तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या हातोडीसारखा आहे. ज्या कारागिरावरून पक्ष्याला हें नांव मिळालें, त्याच्या हातोडीचा आवाज मात्र शहरांत विरळ झाला आहे. मुंबादेवीजवळचा तांबाकाटा आपल्या नांवांत या धातूची आठवण बाळगून आहे. गिरगांव-दादरची एखादी गृहिणी भांडीं पाहण्यास त्या बाजूस जाते, हातांत वाटी घेते, आणि तिच्या अंगावरील बारीक ठसे पाहून ही नक्षी असावी असें तिला वाटतें. खरें पाहतां त्या ठशांतच वाटीचें बळ सांठविलेलें असतें.

वाटीचा आरंभ पत्र्याच्या सपाट, वाटोळ्या चकतीनें होतो. लांकडी ठोकळ्यांतील खळग्यावर चकती ठेवून तांबट ती आंतल्या बाजूनें ठोकतो, तेव्हां तिला उथळ खोलगटपणा येतो. मग ती लोखंडी मेखेवर पालथी घालून बाहेरून, एकामागून एक वर्तुळें घेत, तो कांठापर्यंत ठोकीत जातो. पहिल्या कृतीनें पत्रा ताणला जाऊन पातळ होतो. दुसरीनें तो आंत गोळा होऊन वाटीची भिंत उभी राहते. या दोहोंत जाडी सर्वत्र सारखी राखणें, हेंच कसब.

परंतु तांबें जसजसें ठोकावें, तसतसें तें ताठर होत जातें. धातूच्या कणांतील थर एकमेकांवरून सरकतां सरकतां अडकून बसतात. त्याउपर मारा केल्यास कांठाला चीर जाते. म्हणून भांडें भट्टींत मंद लाल होईपर्यंत तापवावें लागतें. त्या उष्णतेनें कणांची नवी रचना होऊन धातु पुन्हां मऊ होतो. तापलेलें पोलाद पाण्यांत बुडविल्यास कठीण होतें; तांबें मात्र बुडविलें तरी मऊच राहतें. खोल भांड्यासाठीं ठोकण्या-तापविण्याचे असे अनेक फेरे होतात. कांशाची गोष्ट निराळी. त्यांत शेंकडा सुमारें २२ भाग कथील असल्यामुळें तें थंड असतांना ठोकल्यास तडकतें. तें लाल असतांनाच घडवावें लागतें.

शेवटचा संस्कार मठारण्याचा. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनें, एक ठोका दुसऱ्याला किंचित्‌ झांकील अशा बेतानें, भांडें अंगभर ठोकतात. आणि यानंतर तें पुन्हां लाल तापवीत नाहींत. त्यामुळें या ठोक्यांनीं आलेला ताठरपणा कायम राहतो व पातळ पत्र्याचें भांडेंही सहजासहजीं चेपत नाहीं. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत त्वष्टा कासारांच्या घराण्यांनीं हें मठारकाम पिढ्यान्‌पिढ्या जपलें आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्टेनलेस स्टीलनें स्वयंपाकघर व्यापलें, आणि तांबटाचें गिऱ्हाईक घटलें. आतां तांब्याची हौस परत आली आहे, तर साच्यांत दाबून ठसे उमटविलेलीं भांडींही बाजारांत दिसतात. पारख कठीण नाहीं. साच्याचे ठसे हुबेहूब एकसारखे, एकाच मापाचे. हाताचे ठोके लहानमोठे, एकमेकांत मिसळलेले आणि वर्तुळांनीं फिरत गेलेले. हातकामाचा दाम साच्याच्या छापाला मिळूं लागला, तर तांबटाचा मुलगा हातोडी कां उचलील? घेणाऱ्यानें वाटी उजेडांत धरून क्षणभर निरखावी, एवढेंच पुरे. नाहीं तर तांबट हें केवळ एका पक्ष्याचें नांव उरेल.