अख्ख्या डिस्कची नक्कल

संगणकाची राखण : लेखांक ९

गेल्या लेखांकात आपण फाइलींचा बॅकअप पाहिला. तो नेमाने घेणाऱ्यांनाही डिस्क बसली की एक धक्का बसतोच. फाइली सुखरूप असतात, पण काम सुरू होत नाही. नवी डिस्क आणायची, विंडोज टाकायचे, प्रिंटरचे ड्रायव्हर शोधायचे, टॅली आणि श्रीलिपी पुन्हा बसवायचे, परवान्यांचे कागद धुंडाळायचे. डीटीपीच्या दुकानाचा किंवा लहानशा कार्यालयाचा अख्खा दिवस यात जातो. हा दिवस वाचवायचा असेल तर फाइलींबरोबर सगळी मांडणीच उचलून ठेवावी लागते.

सी ड्राइव्ह उघडून, सगळे निवडून कॉपी-पेस्ट केले तर ते का चालत नाही? एक तर विंडोज चालू असताना स्वतःच्या बऱ्याच फाइली अडवून ठेवते, त्या नेहमीच्या पद्धतीने कॉपी होत नाहीत. शिवाय संगणक सुरू करणारा भाग सी ड्राइव्हमध्ये नसतोच. आजच्या संगणकांत त्यासाठी ईएफआय नावाचे छोटे, वेगळे पार्टिशन असते आणि ते ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही. म्हणून डिस्क फाइलींच्या पातळीवर न वाचता तिच्या खालच्या थरातून, पार्टिशनांच्या आराखड्यासकट वाचणारे साधन लागते.

हे काम घरोघरच्या संगणकांवर पोचवले ते ‘घोस्ट’ने. न्यूझीलंडमधल्या मरे हॅझर्ड यांनी ते १९९०च्या दशकाच्या मध्यात तयार केले आणि १९९८मध्ये सिमँटेकने विकत घेतले. आज त्याच कामासाठी तैवानमध्ये घडलेले ‘क्लोनझिला’ हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते पेनड्राइव्हवरून सुरू होते. त्या वेळी विंडोज झोपलेले असल्यामुळे फाइली अडवायला कोणी नसते.

नक्कल दोन प्रकारे होते. क्लोनमध्ये एका डिस्कवरचे सारे थेट दुसरीवर उतरते. जुनी काढून नवी जोडली की संगणक पूर्वीसारखा सुरू होतो. इमेजमध्ये तेच सारे दाबून, काही मोठ्या फाइलींच्या रूपात बाहेरच्या डिस्कवर साठते. तिच्यावरून संगणक सुरू होत नाही, ती आधी डिस्कवर उतरवावी लागते. पण एकाच बाहेरच्या डिस्कवर जानेवारीची, एप्रिलची, जुलैची अशा अनेक इमेज राहू शकतात. तेव्हा हार्ड डिस्क काढून एसएसडी घालायची असेल तर क्लोन करा आणि बॅकअप हवा असेल तर इमेज घ्या.

आता प्रत्यक्ष काम. क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते. ५०० जीबीची हार्ड डिस्क ४८० जीबीच्या एसएसडीवर उतरवायला गेलात तर सहसा तिथेच अडते. सुरुवातीला शिफ्ट दाबून धरून संगणक बंद करा. नाहीतर ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज अर्धवट झोपलेले राहते आणि पार्टिशन नीट वाचता येत नाही. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्या.

सर्वांत मोठा धोका दिशेचा. क्लोनझिलात डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे दिसतात. कुठून कुठे हे उलटे निवडले की रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळे पुसले जाते. म्हणून नावावर जाऊ नका, शेजारी लिहिलेला आकार आणि मॉडेल वाचा.

वेळही हाताशी ठेवा. सेकंदाला १०० एमबी या वेगाने ५०० जीबीचा मजकूर उतरायला जवळपास दीड तास लागतो. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर वेग ३० एमबीच्या आसपास येतो आणि तेच काम साडेचार तासांच्या वर जाते. रिकामी जागा वगळता येत असल्याने डिस्क निम्मी भरलेली असेल तर वेळही त्या मानाने कमी होतो. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना एकच डिस्क जोडलेली ठेवा. दोन्हींची ओळख-खूण एकच असल्याने विंडोज गोंधळते.

शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये याच तंत्राने एक संगणक नीट तयार करून त्याची इमेज बाकीच्यांवर उतरवतात. त्याआधी त्या संगणकावर विंडोजचे ‘सिसप्रेप’ चालवावे, म्हणजे प्रत्येक प्रत स्वतःची वेगळी ओळख घेऊन सुरू होते. परवाने मात्र प्रत्येक यंत्राचे वेगळेच लागतात, नक्कल केल्याने ते वाढत नाहीत.

इमेज जसे आहे तसे उचलते, त्यामुळे व्हायरस असेल तर तोही येतो. म्हणून ती संगणक निरोगी असताना घ्यावी. डिस्क कुरकुरू लागली असेल तर ‘डीडीरेस्क्यू’सारखे, आधी वाचता येईल तेवढे वाचून घेणारे साधन वापरावे. इमेजची डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये. रॅन्समवेअर आले तर ते जोडलेली डिस्कही कुलूपबंद करते.

जी इमेज कधी उतरवून पाहिली नाही, तिला बॅकअप म्हणू नये. जुनी रिकामी डिस्क घरात असेल तर या आठवड्यात तिच्यावर एकदा इमेज उतरवून संगणक सुरू होतो का, ते पाहून घ्या. पुढच्या लेखांकात मोबाइलमधल्या फोटोंचा बॅकअप पाहू.