दोन सेडान, एक वजनकाटा

रणगाड्यांच्या जगात इंजिनाची ताकद नुसती सांगून कोणाचे समाधान होत नाही. टनामागे किती अश्वशक्ती, हा प्रश्न लगेच येतो. अर्जुन रणगाड्याचे इंजिन १,४०० अश्वशक्तीचे, पण वजन ५८ टनांच्या घरात, म्हणजे टनामागे साधारण २४. अहिल्यानगरला, ज्याला जिल्ह्यात अजूनही सर्रास नगर म्हणतात, हा हिशेब नवा नाही. इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, रणगाडा संग्रहालय आहे आणि वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमानुसार नागरी वाहनांना चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांत तिची गणना होते. महागड्या, वेगवान सेडान गाड्यांची तुलना करतानाही हाच नगरी हिशेब आधी मांडायला हवा, असे माझे म्हणणे आहे. शर्यतपट्टीवरच्या फेरीची वेळ आणि शून्यापासून शंभरपर्यंतचे सेकंद हे दोन आकडे जाहिरातीला सोयीचे आहेत. गाडीचा स्वभाव मात्र तिच्या वजनावरून कळतो.

ताजे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात एकाच महिन्यात दोन प्रतिस्पर्धी गाड्या आल्या. मर्सिडीज-एएमजीची सी-६३ एस ई परफॉर्मन्स १ कोटी ९५ लाखांना, तर बीएमडब्ल्यूची नवी एम-५ १ कोटी ९९ लाखांना, दोन्ही किमती एक्स-शोरूम. एका गाडीचा आकार मध्यम, दुसरीचा मोठा. युरोपात त्यांना कोणी समोरासमोर उभे करणार नाही, पण आपल्याकडे किमतीनेच त्यांची गाठ घालून दिली. दोन्ही हायब्रिड. एम-५ मध्ये ४.४ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये बसवलेली विजेची मोटर, मिळून ७२७ अश्वशक्ती. सी-६३ मध्ये अवघ्या दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि मागच्या आसावर मोटर, मिळून ६८०. शून्य ते शंभर एम-५ साडेतीन सेकंदांत गाठते, सी-६३ ३.४ सेकंदांत. इथवरचे आकडे कोणत्याही माहितीपत्रकात सापडतात. आता वजन पाहू. एम-५ २,४०० किलोंच्या वर, सी-६३ २,१०० च्या आसपास. टनामागे एम-५ ला जेमतेम ३०० अश्वशक्ती मिळते, सी-६३ ला ३२०. याहून बोलका आकडा २०१८ च्या जुन्या एम-५ चा आहे. तिची ताकद ६०० अश्वशक्ती, वजन १,९०० किलोंच्या जवळपास आणि शंभरचा वेग ३.४ सेकंदांत. म्हणजे सहा वर्षांत सव्वाशेवर अश्वशक्ती वाढली आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे पडली. वाढलेली सगळी ताकद वाढलेले वजन ओढण्यातच संपली.

या स्पर्धेची सुरुवात अशी नव्हती. १९८० च्या दशकात मर्सिडीजची १९०-ई २.३-१६ आणि बीएमडब्ल्यूची पहिली एम-३ जर्मन टूरिंग कार शर्यतींत भिडल्या, तेव्हा शर्यतीत उतरवायची गाडी ठरावीक संख्येने रस्त्यावर विकलीच पाहिजे असा नियम होता. त्यामुळे शर्यतपट्टीवरची शिस्त आपोआप ग्राहकाच्या गाडीत उतरे. ती एम-३ सुमारे १,२०० किलोंची होती आणि तिची ताकद २०० अश्वशक्तीच्या आसपास. १९८७ चे विजेतेपद एम-३ ने घेतले, १९९२ चे १९०-ई च्या उत्क्रांत रूपाने. सी-६३ मध्ये व्ही-८ जाऊन चार सिलिंडर आले म्हणून आज जे हळहळतात, त्यांनी हे आठवावे, की हे वैर ज्या दोन गाड्यांनी पेटवले त्या दोन्ही चार सिलिंडरच्याच होत्या. व्ही-८ चा आवाज ही खरी आणि मोठी गोष्ट आहे, तिची ओढ मलाही समजते. पण परंपरेचा दाखला द्यायचा तर तो हलकेपणाचा द्यावा लागेल, सिलिंडरच्या संख्येचा नव्हे. आणखी एक गोष्ट. १२ मे १९८४ रोजी न्यूरबुर्गरिंगच्या नव्या पट्टीच्या उद्घाटनाला सगळ्या चालकांना एकसारख्या १९०-ई देऊन शर्यत लावली गेली. तरुण आयर्टन सेना जिंकला, निकी लाउडा दुसरा आला. गाडी तीच असूनही क्रम लागला, कारण माणसे वेगळी होती. एका फेरीच्या वेळेवरून दोन गाड्यांचा निवाडा करणाऱ्यांनी ही शर्यत विसरू नये.

मग शर्यतपट्टीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, फक्त तो पहिल्या फेरीत दिसत नाही. पदार्थविज्ञान जाणणारा वाचक इथे आक्षेप घेईल, की ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याचे अंतर वजनावर अवलंबून नसते, कारण वजन वाढले की टायरची पकडही वाढते. आक्षेप बरोबर आहे, पण निम्माच. टायरवरचा भार वाढतो त्याच प्रमाणात पकड वाढत नाही, ती किंचित मागे राहते. शिवाय थांबताना गाडीची सगळी गतिज ऊर्जा उष्णता होऊन कुठेतरी जावीच लागते. ताशी १२० किलोमीटरवरून एम-५ थांबते तेव्हा साधारण साडेतेरा लाख जूल उष्णता तयार होते. ताशी २५० वरून थांबली तर ५८ लाखांच्या वर. हायब्रिड गाडी यातला काही भाग बॅटरीत परत घेते, पण जोरात ब्रेक दाबल्यावर बाकीचा भार तबकड्यांवरच येतो. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो आणि नंतर वारा तबकड्या थंड करतो. पट्टीवर तो दर फेरीत अनेकदा लागतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पेडल मऊ पडते का, टायर कडेने घासून गुळगुळीत होतात का, बॅटरी तापून ताकद आखडती घेते का, हे तिथेच उघड होते. सी-६३ ची मोटर तिची पूर्ण, २०४ अश्वशक्तीची ताकद सलग दहा सेकंदच देते, पुढे ९५ वर येते. ६.१ किलोवॉट-तासांची तिची बॅटरी लहान आहे, पण ती वेगाने भरण्या-रिकामी होण्यासाठीच घडवली आहे. उलट एम-५ चे व्ही-८ एकटेच ५८५ अश्वशक्ती देते आणि तिला सेकंद मोजावे लागत नाहीत. म्हणून वळणांची पट्टी सी-६३ च्या सोयीची, लांब सरळ रेषांची एम-५ च्या. उसाच्या ट्रॉलीसारखी गाडी आधी काट्यावर चढवली, की हे निष्कर्ष पट्टीवर जायच्या आधीच अर्धेअधिक दिसू लागतात.

आता रस्ता. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा अख्खा मार्ग सुरू झाला. कोपरगाव तालुक्यातून जाणारा हा काँक्रीटचा पट्टा जिल्ह्यातला सर्वांत वेगवान रस्ता, आणि तिथेही कारला मर्यादा ताशी १२० ची. त्या वेगाला हवा आणि टायर यांचा विरोध मोडायला अशा गाडीला माझ्या हिशेबाने चाळीसएक अश्वशक्ती पुरते. उरलेल्या साडेसहाशेंना तिथे काही काम नसते. समृद्धीवरून उतरून नगर-मनमाड रस्त्याला लागले की प्रश्नच बदलतो. हा रस्ता खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षे बदनाम आहे आणि दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी मळीने माखलेली. इथे गाडीची परीक्षा होते ती झोताचा पल्ला, पहिल्याच ब्रेकची धार आणि खड्डा गिळण्याची ताकद यांत. एम-५ च्या मागच्या टायरची रुंदी २९५ मिलिमीटर आणि बाजूची भिंत तिच्या ३५ टक्के, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर. धारदार कडेचा खड्डा आणि २१ इंची चाकाची कड यांच्यामध्ये एवढेच रबर असते, आणि वर चोवीसशे किलो. जादा वजनाचा तोटा पट्टीवर ब्रेकच्या उष्णतेतून दिसतो, तर नगर-मनमाड रस्त्यावर वाकलेल्या चाकातून.

हायब्रिडचे वजन निरर्थक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. युरोपातल्या कार्बन उत्सर्जनाच्या नियमांमुळे ते आले, आणि एम-५ च्या बाबतीत ग्राहकाला त्याचा मोबदलाही मिळतो. तिची १८.६ किलोवॉट-तासांची बॅटरी भरलेली असली तर कागदोपत्री साठ-सत्तर किलोमीटर, म्हणजे नगरहून राहुरीला पोचून वर काही शिल्लक राहील इतके, पेट्रोल न जाळता जाता येते. सी-६३ विजेवर तेरा किलोमीटरच जाते. तिच्या बॅटरीचे वजन फक्त वेगासाठी वाहायचे आहे. हा फरक तुलनेत क्वचित मांडला जातो, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. एम-५ चे वजन दोन कामे करते, पण फार आहे. सी-६३ चे वजन कमी आहे, पण एकच काम करते. रोज शहरात आणि महिन्यातून दोनदा समृद्धीवर, असा वापर असेल तर एम-५ घ्यावी. घाटाच्या आणि पट्टीच्या वळणांसाठीच गाडी हवी असेल तर सी-६३. आणि जुनी, हलकी एम-५ नीट राखलेली मिळाली, तर या दोन्हींच्या आधी तिचा विचार करावा.

‘अशा गाड्या जिल्ह्यात घेणार किती, मग ही चर्चा कशाला,’ असाही प्रश्न येईल. वजन वाढण्याचा हा ओघ दोन कोटींच्या गाडीपाशी थांबलेला नाही. वीस लाखांच्या एसयूव्हीतही तेच चालले आहे आणि तिचे ब्रेक, टायर एवढे दणकट नसतात. महागड्या गाडीवर तो दोष तपासायला सोपा, कारण तिथे साधनांची कसर नसते. पिथमपूरच्या नॅट्रॅक्सला २०२१ पासून ११.३ किलोमीटरची वेगपट्टी आहे, तिथे कमाल वेग मोजता येतो. पण चाचणीतळांवर वेगपट्टीच्या जोडीला मुद्दाम खडबडीत केलेले रस्ते आणि खड्ड्यांच्या रांगाही बांधता येतात, आणि लष्करी वाहने अशाच पृष्ठभागांवर तावून-सुलाखून निघतात. भारतीय खरेदीदारासाठी तुलना करणाऱ्यांनी प्रत्येक गाडीमागे तीन आकडे छापावेत: काट्यावरचे खरे वजन, दहाव्या सलग ब्रेकनंतरचे थांबण्याचे अंतर, आणि ठरावीक खोलीच्या खड्ड्यावरून ताशी साठने गेल्यावर चाक व टायरची अवस्था. आज ते कोणत्याही माहितीपत्रकात नाहीत.