आधी श्वास, मग सूर

मैत्रिणींनो, संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपत आलेलं असतं. वाण लुटून झालेलं, तिळगूळ वाटून झालेला, आणि कुणीतरी म्हणतं, "अहो, एखादं गाणं होऊ दे ना!" मग पाच मिनिटं नको-नको, हो-हो चालतं. शेवटी सगळ्यांनी मिळून जिला पुढे ढकललेलं असतं ती पदर सावरते, दोनदा खाकरते आणि सुरू करते. ध्रुपद छान जातं. अंतरा आला की मात्र मानेच्या शिरा ताठ होतात, हनुवटी वर जाते, खांदे कानांना भिडतात आणि नेमक्या वरच्या सुराला आवाज फाटतो. सगळ्याजणी "छान, छान" म्हणतात. ती कसंनुसं हसून म्हणते, "हल्ली गळाच राहिला नाही बाई!"

तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला ही मैत्रीण मीच होते.

मी मिरजेची. आमच्या गावात तानपुरे घडतात, आणि लग्नाआधी मीही गाण्याच्या दोन-तीन परीक्षा दिल्या होत्या. पुढे संसार, मुलगी, सासूबाईंचं आजारपण यांत गाणं मागे पडलं. उरलं ते गुरुवारचं भजनी मंडळ. त्यात आठवड्यातले तीन दिवस एका शाळेत मराठी शिकवायला जाते. वर्गात साठ मुलं, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि खिडकीबाहेर रिक्षास्टँड. तुम्हीच सांगा, ओरडल्याशिवाय शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचणार कसा?

सकाळी आवाज ठीक असायचा, संध्याकाळी बसायचा. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, खडीसाखर तर पर्समध्येच असायची. महिनाभर असंच चाललं. मग एके दिवशी कविता शिकवताना तोंडातून नुसती हवाच आली. मुलं हसली. मीही हसले, पण घरी आल्यावर लेकीने विचारलं, "आई, तू माझ्यावर रागावलीस का? अशी का बोलतेस?" तेव्हा मात्र पोटात धस्स झालं. शाळेची नोकरी आवाजावर, मंडळ आवाजावर, आणि रात्री लेकीला म्हणायची गाणीही आवाजावरच!

टाचेचा घट्टा, गळ्याचा घट्टा

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर माझंच स्वरयंत्र मला दाखवलं. आत दोन पांढरट पट्ट्या होत्या. बोललं की त्या जवळ येतात, श्वास घेतला की दूर होतात. हेच आपले स्वरतंतू. दोन्हींच्या कडेला, समोरासमोर, एकेक इवलीशी गाठ होती.

"चप्पल घासून टाचेला घट्टा पडतो ना, तसंच हे," डॉक्टर म्हणाले.

मी घाबरत विचारलं, "गाण्यामुळे झालं का हो? गाणं सोडायचं का?"

"गाण्यामुळे नाही, ओरडण्यामुळे. तुम्ही ओरडून शिकवता आणि ओरडूनच गाता. ऑपरेशनची आत्ता गरज नाही. आधी विश्रांती घ्या, मग आवाज वापरायला शिका."

आवाज वापरायला शिकायचं! पस्तिशी उलटलेल्या, जन्मभर बडबड करत आलेल्या बाईला हे ऐकून हसू आलं. पण ते खरं होतं. साधं बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे दोनशे वेळा एकमेकांना भिडतात. वरच्या सुरात हाच आकडा चारशे-पाचशेच्या घरात जातो. त्यात आपण गळा आवळून जोर लावला तर घट्टा पडेल नाही तर काय?

आणि ते हळद-दूध? गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतू असतात श्वासाच्या वाटेवर. म्हणजे दूध काय की ज्येष्ठमध काय, ते तंतूंना लागतच नाही. घशाला बरं वाटतं, तेवढं खरं. पण बरं वाटलं म्हणून आपण पुन्हा ओरडायला मोकळ्या होतो, तिथेच घोटाळा होतो.

पेटीचा भाता आठवा

आवाजाला विश्रांती देऊन झाल्यावर मी आमच्या जुन्या गाण्याच्या बाईंकडे गेले. बाई आता सत्तरीच्या. त्यांनी मला गायला लावलंच नाही. पेटी पुढे ओढली, एक स्वर दाबला आणि भाता धाडकन लोटला. पेटी किंचाळली आणि गप्प झाली. मग तोच स्वर दाबून भाता हलक्या हाताने, एकसारखा चालवला. सूर तेवत राहिला.

"पट्टी तीच, स्वर तोच. फरक कशात पडला?" बाईंनी विचारलं.

"भात्यात."

"मग तू इतकी वर्षं पट्टीच का बडवते आहेस?"

मैत्रिणींनो, सगळं शास्त्र या एका प्रश्नात आलं. आपला भाता म्हणजे फुप्फुसं, आणि त्यांच्या खाली घुमटासारखा असलेला स्नायू म्हणजे श्वासपटल. श्वास घेतला की हा घुमट खाली सपाट होतो, बरगड्या बाजूंना उघडतात आणि पोट थोडं पुढे येतं. आपण बायका मात्र "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की पोट आत ओढतो आणि खांदे वर करतो. त्यातून परकराची नाडी अशी करकचून बांधलेली, की पोटाला हलायला जागाच नसते! बाईंचा पहिला धडा हाच होता. "आधी नाडी सैल कर, मग गाण्याच्या गोष्टी बोल."

श्वास घेणं सोपं आहे हो. काटकसर करायची ती सोडताना. महिन्याचा पगार पहिल्याच आठवड्यात उडवला तर पुढे उसनवारी ठरलेली. तसंच पहिल्या शब्दावर सगळी हवा उधळली की ओळीच्या शेवटी गळा आवळून सूर ओढावा लागतो. घरखर्चात मुरलेल्या आपल्याला हे कुणी शिकवायला नकोच!

श्वासाचा हिशोब केवढं काम करतो, याचं उदाहरण आपल्या संगीतातच आहे. प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ साली मुंबईत संगीत विद्यालय काढलं. आवाज कसा घडवावा याचा त्यांनी खास अभ्यास केला होता. त्यांचे शिष्य कुमार गंधर्व. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठलं. १९४८ साली ते देवासला राहायला गेले आणि पुढे काही वर्षं त्यांना गाणं बंद ठेवावं लागलं. एक फुप्फुस कायमचं अधू झालं. तरी ते परत गायले, आणि पुढे कितीतरी वर्षं गायले. लांबलचक तानेऐवजी छोटी, नेमकी, बाणासारखी स्वरवाक्यं. आपल्याजवळ आहे तेवढ्या श्वासात गाणं बसवणं म्हणजे काय, ते त्यांचं गाणं ऐकून कळतं.

घरच्या घरी करायचा रियाझ

बाईंनी मला दिलेला आणि आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी दुरुस्त करून दिलेला रियाझ सांगते. सगळा मिळून वीस मिनिटांचा आहे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत निम्मा उरकतो!

१. पोटावर पंचांग : चटईवर उताणं झोपा, गुडघे उभे ठेवा. पोटावर पंचांग किंवा तसंच एखादं हलकं पुस्तक ठेवा. नाकाने शांतपणे श्वास घेतला की पुस्तक वर, सोडला की खाली. छाती-खांदे स्वस्थ. पाच मिनिटं. हीच सवय मग बसून आणि उभं राहून करा.

२. सापाचा फूत्कार : चार आकडे मोजत श्वास घ्या आणि 'स्स्स' करत बारीक, एकसारखा सोडा. पहिल्या दिवशी माझा नऊ आकड्यांत संपला. दोन महिन्यांनी बावीसपर्यंत गेला. शर्यत लावू नका, श्वास कोंडून धरू नका. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा.

३. ओठांची फुरफुर : लहान मुलं गाडी-गाडी खेळताना ओठ फुरफुरवतात तसं करत सूर खालून वर आणि वरून खाली न्या. ओठ थांबले की समजा, हवा कमी पडली किंवा गळा आवळला. लेकीला हा व्यायाम इतका आवडला की आता आमच्या घरात सकाळी दोन गाड्या सुटतात.

४. पेल्यातले बुडबुडे : अर्धा पेला पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवा आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. शाळेतून थकून आल्यावर दोन मिनिटं हे केलं की गळा मोकळा होतो.

५. गुणगुण : ओठ मिटून, दात किंचित विलग ठेवून 'म्' लावा. ओठांना आणि नाकाच्या मुळाशी मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे. तोच सूर हळूच 'आ'मध्ये उघडा. मंद्र सप्तकात, सावकाश. जितकं सहज उतरता येईल तितकंच खाली जा.

आणि गाण्याच्या वहीत पेन्सिलने उभ्या रेघा मारा. श्वास कुठे घ्यायचा ते आधीच ठरवा. शब्द मध्येच तुटणार नाही, अर्थ तुटणार नाही, अशी जागा शोधा. वरच्या सुराच्या आधी थोडा श्वास शिल्लक हवा. फार ठासूनही भरू नका. गच्च भरलेल्या श्वासाने गळाही गच्च होतो.

माझा 'सा' कुठला?

इतकं करूनही मंडळात गायले की आवाज पुन्हा बसायचा. बाईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "तुमच्या मंडळाची पट्टी कुठली?"

"काळी पाच."

"आणि तुझी?"

मला उत्तर देता येईना. माझी अशी काही पट्टी असते हे मला सुचलंच नव्हतं! बाईंनी तानपुरा एकेक स्वर खाली आणला. काळी तीनवर आले आणि मला वाटलं, घट्ट चप्पल काढून पाय गार फरशीवर ठेवला. खालचा पंचम पोटभर लागत होता आणि वरचा षड्ज न ओरडता.

पण मनात आलं, एवढा खाली? पुरुषासारखा नाही का वाटणार? बाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाल्या, "गंगूबाई हनगल ऐकल्यास ना?" तरुणपणी गळ्याच्या दुखण्यावर उपचार झाल्यानंतर गंगूबाईंचा आवाज खाली उतरला, भारदस्त झाला. त्या तोच आवाज घेऊन उभ्या राहिल्या आणि २००९ साली गेल्या तोवर देशाने तो डोक्यावर घेतलेला होता. बारीक, उंच आवाज तोच बायकी, हे आपण रेडिओवरची गाणी ऐकून ठरवलं. देवाने काही तसं ठरवलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी धीर करून मंडळात म्हणाले, "एखादा अभंग काळी तीनमध्ये घेऊ या का?" पेटीवरच्या वहिनींना आवडलं नाही. "इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती," म्हणाल्या. क्षणभर सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातून जोशीकाकू हळूच म्हणाल्या, "मी वरच्या सुराला नुसते ओठ हलवते ग. चार वर्षं झाली." त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघींनी तेच सांगितलं.

त्या दिवशी एक अभंग खाली घेतला. बाकीचे होते तिथेच राहिले. अजूनही तसंच आहे, दोन काळी तीनमध्ये आणि उरलेले काळी पाचमध्ये. त्या उरलेल्यांना मी आता टाळ धरते आणि खालच्या ओळी तेवढ्या म्हणते. त्यात कमीपणा वाटत नाही. वहिनींनी मात्र परवा जाताना विचारलं, "तो पंचांगाचा व्यायाम काय म्हणालीस?"

एवढं लक्षात ठेवा

• आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बसलेला असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. गिळताना त्रास, श्वासाला अडचण किंवा थुंकीत रक्त दिसलं तर तीन आठवडेही थांबू नका.

• सारखं खाकरू नका. त्याने तंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्या. दिवसभरही थोडं-थोडं पाणी प्यावं.

• आवाज बसला असताना कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. हळू बोला, नाहीतर गप्प राहा.

• रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवून लगेच आडवं होऊ नका. पोटातलं आम्ल वर येऊन घसा जाळतं. सकाळचा घोगरेपणा पुष्कळदा त्याचाच असतो.

• सर्दी-खोकल्यात रियाझाला सुट्टी द्या. साध्या पाण्याची वाफ घ्या.

• माझ्यासारख्या शिक्षिकांनी फळ्यावर डस्टर आपटावं, टाळी वाजवावी, पण मुलांच्या गलक्यावरून ओरडू नये. मी आता हात वर करून उभी राहते. पहिले दोन दिवस वेळ लागला, आता मुलंच एकमेकांना "शूऽऽ" करतात.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. एका बाजूची गाठ गेली होती, दुसऱ्या बाजूची जेमतेम दिसत होती. त्या रात्री लेकीच्या उशाशी बसून काळी तीनमध्ये गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत तिला झोप लागली. मी मात्र तिसरंही म्हटलं, माझ्यासाठी.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी परकराची नाडी जरा सैल करा आणि पोटातून एक श्वास घेऊन बघा. येत्या हळदीकुंकवाला कुणी आग्रह केला, तर खाकरायचं नाही. नुसतं विचारायचं, "पट्टी माझी चालेल ना?"