रिंग लावणारे, रिंगमध्ये पडणारे

दक्षिण फिलाडेल्फियात स्वॉन्सन आणि रिटनर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, आय-९५ महामार्गाच्या पुलाला लागून एक बसकी इमारत आहे. नववर्षाच्या ममर्स मिरवणुकीत नाचणाऱ्या एका मंडळाचा हा हॉल होता. एरवी तिथे बिंगो चालायचा. १९९३ पासून इथे ईसीडब्ल्यूच्या (‘ईस्टर्न चॅम्पियनशिप रेसलिंग’च्या) कुस्त्या होऊ लागल्या. टॉड गॉर्डन या दागिन्यांच्या व्यापाऱ्याने १९९२मध्ये काढलेली ही संस्था. ऑगस्ट १९९४मध्ये तिच्या नावातलं ‘ईस्टर्न’ जाऊन ‘एक्स्ट्रीम’ आलं, सूत्रं पॉल हेमनकडे गेली आणि २००१मध्ये सगळा कारभार आटोपला.

ईसीडब्ल्यूचा विषय निघाला की लोक रक्त, काटेरी तार आणि मोडलेली टेबलं यांच्यापुढे जात नाहीत. मला तिथला कामाचा दिवस सांगायचा आहे. तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढे माहितीपटांत, मुलाखतींत जे सांगितलं ते ऐकताना तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्याकडे तमाशाच्या फडातला माणूस दिवसा कनात ठोकतो आणि रात्री तोंडाला रंग लावून उभा राहतो, तसंच काहीसं तिथे होतं. हा दिवस म्हणजे साधारण १९९५ ते १९९७ या काळातला एक शनिवार धरू.

सकाळ सरता सरता. रिंगचा ट्रक मागच्या दाराला लागतो. कुस्तीची रिंग टीव्हीवर गादीसारखी मऊ दिसते. प्रत्यक्षात ती टनभर लोखंड आणि लाकूड असते. आधी चार कोपऱ्यांचे खांब उभे करायचे, त्यांच्यात आडव्या तुळया अडकवायच्या, त्यांवर फळ्या, फळ्यांवर जेमतेम इंचभर फोम आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. मग तीन दोर, आणि कोपऱ्याकोपऱ्यातले टर्नबकल पिळून त्यांना ताण. फळी नीट बसली नाही तर रात्री कुणाचा तरी घोटा जातो. दोर सैल राहिला तर वरून उडी मारणारा मानेवर पडतो. मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या छोट्या संस्थांच्या रिंगा उभ्या राहताना पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी नजर गेली ती शेवटच्या टप्प्याकडे. रिंग लावणारा मुलगा स्वतः आत जातो, पाठीवर पडून बघतो आणि आवाजावरून कुठली फळी हलतेय ते ओळखतो.

मायकी व्हिपरेक असाच रिंग लावणारा पोरगा होता. रिंग बांधून झाली की तो त्यात कोलांट्या मारायचा. ते बघून त्याला कुस्तीत घेतलं. अंगकाठी सामान्य, चेहरा शेजारच्या घरातल्या मुलासारखा. आधी त्याला नुसतं मार खायला उभं केलं आणि प्रेक्षकांनी त्याच्यावर जीव लावला. २८ ऑक्टोबर १९९५ रोजी शिडीच्या लढतीत सँडमनला हरवून तो संस्थेचा विश्वविजेता झाला. या धंद्यात निकाल आधी ठरलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खांब खांद्यावरून वाहणाऱ्या पोराला पट्टा द्यायचा, हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं. ईसीडब्ल्यूत ते सुचलं याचं मला आजही कौतुक वाटतं.

दुपारी तीन. मंडळी येऊ लागतात. बहुतेकजण आपल्याच गाडीने आलेले असतात. चौघं मिळून पेट्रोलचा खर्च वाटून घ्यायचे, आळीपाळीने गाडी हाकायचे. पोचल्यावर विश्रांती नाही, कारण लढण्याखेरीज बऱ्याचजणांना दुसरंही काम असायचं. संस्थेची शाळा होती, हाउस ऑफ हार्डकोअर. तिथे शिकवायचे टॅझ आणि पेरी सॅटर्न. हाच टॅझ टी-शर्टांची नक्षीही काढायचा आणि त्या विक्रीचं बघायचा. रात्री लोकांना डोक्यावरून मागे फेकणारा हा माणूस दिवसा कापडाच्या रंगावर आणि छपाईवर विचार करत असायचा. टॉमी ड्रीमर रिंगमध्ये मार खाऊन उरलेल्या वेळात कचेरीची कामं ओढायचा. वेगळा कर्मचारी नेमायला पैसा नव्हता हे त्याचं साधं कारण. पण त्यामुळेच प्रत्येकाला संस्था आपली वाटली, आणि म्हणूनच पुढे पैसे थकले तरी माणसं लवकर हलली नाहीत.

साडेचार. कोण कुणाशी, किती मिनिटं, शेवट कसा, हे ठरतं. शेवट पक्का असतो. मधलं बरंचसं रिंगमध्ये, कानात कुजबुजत ठरतं. टेबलं रिंगखाली सरकवून ठेवतात आणि कुठलं कुठल्या बाजूला ते सगळ्यांनी लक्षात ठेवायचं. मनगटाला पट्टी गुंडाळताना कुणी तिच्याखाली ब्लेडचा बारीक तुकडा लपवतो, ऐन वेळी स्वतःचं कपाळ चिरून रक्त काढायला. रेफरीला सगळं माहीत असावं लागतं. वेळेकडे त्याचं लक्ष, निरोप पोचवणारा तोच, आणि कुणाला खरंच लागलं तर ते पहिल्यांदा कळणाराही तोच. या माणसांची नावं फार थोड्यांना आठवतात.

सहा. बाहेर रांग. काहींच्या हातात तवे, किसण्या, घरातली भांडी. प्रेक्षकांनी आणलेल्या सामानाने मारामारी, असा एक प्रकारच इथे रूढ झाला होता. दारावरच्या सुरक्षारक्षकांचं काम त्यामुळे अवघड. इतर ठिकाणी जी वस्तू काढून घ्यायची ती इथे आत जाऊ द्यायची, पण खरोखर जीव जाईल अशी वस्तू मात्र अडवायची. हा निवाडा दर माणसामागे, काही सेकंदांत.

आठ. हॉलमध्ये हजार-बाराशे माणसं, लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर. बॉब आर्टीस माइकवर नावं पुकारतो. जोई स्टाइल्स समालोचन करतो, आणि टीव्हीच्या साप्ताहिक कार्यक्रमात तर एकटाच. दुसरा समालोचक जोडीला नसताना तासभर गोष्ट पुढे नेत राहायची, हे किती कठीण आहे ते रेडिओवर काम केलेल्यांना विचारावं. १३ ऑगस्ट १९९४च्या रात्री टेरी फंकने प्रेक्षकांकडे एक खुर्ची मागितली आणि चारी बाजूंनी खुर्च्या येऊ लागल्या. पब्लिक एनिमी ही जोडी त्या ढिगाखाली गेली. ती चित्रफीत हजारोंनी पाहिली. त्या खुर्च्या उचलून, सरळ करून पुन्हा रांगेत कुणी लावल्या, ते कुणी चित्रित केलं नाही.

दहा. कधी कधी या वेळी दोर सोडवून काटेरी तार बांधायची असायची. ९ ऑगस्ट १९९७ला साबू आणि टेरी फंक यांच्या लढतीसाठी तशी तार लावली होती. खांबाला गुंडाळताना ती उसळते आणि बांधणाऱ्याच्या हातमोज्यांतून आत शिरते. साबूचा दंड त्या रात्री तारेने फाटला. त्याने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि लढत पुरी केली. तेव्हा फंकचं वय ५३ होतं. त्याच वर्षी १३ एप्रिलला, संस्थेच्या पहिल्या पे-पर-व्ह्यूमध्ये (पैसे भरून पाहायच्या थेट प्रक्षेपणात), रेव्हनला हरवून तो विजेता झाला होता. त्या रात्री प्रक्षेपण संपल्यावर काही सेकंदांतच हॉलची वीज गेली. क्षणभर आधी गेली असती तर संस्था तिथेच बसली असती, असं तिथली माणसं सांगतात. मला त्या रात्रीचा विचार करताना विजेची तारांबळ सांभाळणारे तंत्रज्ञच आठवतात.

मध्यरात्र उलटताना. जमिनीवरचं रक्त पुसणं, टेबलांचे तुकडे गोळा करणं, कॅनव्हास गुंडाळणं. रिंग लावायला जितका वेळ लागतो त्याहून काढायला कमी लागतो, पण हात थकलेले असतात. ज्याची कुस्ती लवकर संपली तो हातभार लावतो. अमेरिकेतले हे पैलवान नोकर गणले जात नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार असतात. आजारपणाची रजा नाही, विमा नाही, निवृत्तिवेतन नाही. बर्फाची पिशवी मानेखाली घेऊन परत गाडी हाकायची.

दुसऱ्या दिवशी. चित्रफिती न्यूयॉर्ककडे जातात. हेमनच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात संकलन चालायचं. रॉन बुफोन संकलक. संगीत, कापाकापी, समालोचन सगळं तिथेच, आणि तो कार्यक्रम रात्री उशिरा केबलवर लागायचा. चाहत्यांनी त्याच्या चित्रफिती एकमेकांना टपालाने पाठवून ईसीडब्ल्यू देशभर नेली.

ऑगस्ट १९९९मध्ये टीएनएन या वाहिनीवर राष्ट्रीय प्रक्षेपण मिळालं. ऑक्टोबर २०००मध्ये ते बंद झालं. तोपर्यंत पगाराचे धनादेश वटेनासे झाले होते. शेवटचा खेळ १३ जानेवारी २००१ला अर्कान्सातल्या पाइन ब्लफला झाला. त्याच्या आठवडाभर आधी न्यूयॉर्कच्या शेवटच्या पे-पर-व्ह्यूला, संस्थेकडून मोठी रक्कम येणं असलेला रॉब व्हॅन डॅम येऊन लढून गेला. मार्चमध्ये हेमन प्रतिस्पर्धी संस्थेच्या समालोचकाच्या खुर्चीत दिसला, आणि एप्रिलमध्ये दिवाळखोरीचे कागद दाखल झाले. मालमत्ता सुमारे १३ लाख ८५ हजार डॉलर, देणी ८८ लाखांहून जास्त. देणेकऱ्यांच्या यादीत व्हॅन डॅमचे दीड लाख होते, ड्रीमरचे एक लाख, जोई स्टाइल्सचे ५० हजारांवर. विजेता आणि समालोचक एकाच यादीत आले, ते फक्त तिथे.

हेमनच्या प्रतिभेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते खरंही आहे. पण तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावं या कागदांत आहेत, आणि ती तिथेच वाचली पाहिजेत. खुर्च्यांचे घाव डोक्यावर घेणारे अ‍ॅक्सल रॉटन आणि बॉल्स महोनी २०१६मध्ये दोन-सव्वादोन महिन्यांच्या अंतराने गेले. दोघेही ४४ वर्षांचे होते.