नात्याचीही नोंद हवी!

आरोग्य केंद्रात बाळाला लस टोचली की तारीख लिहून ठेवतात. ही तारीख कोणाची? बाळाची म्हणावी, तर एका बाळाला अनेक लसी मिळतात. लसीची म्हणावी, तर एकच लस असंख्य बाळांना मिळते. मग संगणकात ती ठेवायची कुठे?

परस्परांशी निगडित तक्त्यांत माहिती साठवण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. एका तक्त्यात बाळे, दुसऱ्यात लसी. दोहोंची सांगड घालणारा तिसरा तक्ता. त्याच्या प्रत्येक ओळीत बाळाचा क्रमांक व लसीचा क्रमांक. पुढे १९७६ साली पीटर चेन यांनी दाखवले की, वस्तूंप्रमाणे त्यांच्यातील संबंधांनाही गुणधर्म असतात. आपली तारीख हा असाच संबंधाचा गुणधर्म आहे!

आज प्रोग्रॅम आणि तक्ते यांच्यामध्ये बहुधा एक दुभाषी असतो. त्याला 'ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर' म्हणतात. पायथन भाषेतील 'जँगो' या साधनसंचात असा दुभाषी आहे. 'एका बाळाला अनेक लसी, एक लस अनेक बाळांना' एवढेच त्याला सांगितले, तर तो तिसरा तक्ता पडद्याआड स्वतःच तयार करतो. पण त्यात फक्त क्रमांकांची जोडी मावते, आणि तीही एकदाच.

येथेच धोका आहे. आपल्याकडे पेंटाव्हॅलंट लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांची झाल्यावर, अशी तीनदा देतात. दुसऱ्या मात्रेच्या वेळी संगणकाला ती जोडी आधीच सापडते; तो नवी ओळ लिहीत नाही आणि तक्रारही करीत नाही. दोन मात्रांची नोंद गळाली, तरी कोणाला पत्ता नाही!

उपाय सोपा आहे. तिसऱ्या तक्त्याला 'लसीकरण' असे नाव देऊन तो आपणच आखायचा. त्यात तारीख, मात्रेचा क्रमांक आणि लसीचा बॅच क्रमांक असे रकाने ठेवायचे. २००८ साली आलेल्या जँगोच्या १.० आवृत्तीपासून 'थ्रू' या शब्दाने असा तक्ता जोडता येतो. 'बाळ, लस आणि मात्रा' हे त्रिकूट पुन्हा येऊ नये, असा नियमही घालावा. आता दोन मात्रांत किमान चार आठवडे गेले का, हे तपासता येते. एखादी बॅच सदोष निघाली, तर ती कोणकोणत्या बाळांना टोचली, हेही क्षणात कळते.

आता कागद-पेन्सिल घ्या. विद्यार्थी आणि विषय असे दोन तक्ते आखा. गुण कोठे लिहाल? आणि विद्यार्थी त्याच विषयाच्या परीक्षेला पुन्हा बसला, तर?